कळा आणायला गोळी, फुगा की जेल? औषध थोड्या पैशांचे, मग खर्च हजारांत का जातो? समजून घ्या हिशेब

नागपूर : दिवस भरून आठवडा उलटला, तरी कळांचा पत्ता नाही. किंवा नवव्या महिन्यातल्या तपासणीत बीपी वाढलेले निघाले. डॉक्टर सांगतात, “आता थांबून चालणार नाही, कळा आणाव्या लागतील.” घरच्यांच्या मनात लगेच दोन प्रश्न उभे राहतात. पहिला सगळे विचारतात, “बाळ-बाळंतिणीला धोका तर नाही ना जी?” दुसरा मात्र चारचौघांत विचारायला संकोच वाटतो, “याले पैसे किती लागतीन?”

दुसरा प्रश्नही तितकाच रास्त आहे. कळा आणण्याच्या पद्धती पाच-सहा आहेत. कुणाला गोळी देतात, कुणाला नळीचा फुगा लावतात, कुणाला जेल, तर कुणाला सलाईनमधून औषध. गावात मग चर्चा सुरू होते. “तिला तर नुसती गोळी दिली, मग हिला महागडं जेल कशाला?” पण खरा हिशेब औषधाच्या किमतीवर थांबत नाही. औषधाचा पैसा हा साऱ्या खर्चातला सर्वात लहान वाटा असतो. मोठा पैसा जातो तो दवाखान्यात किती दिवस काढावे लागले आणि शेवटी बाळंतपण नॉर्मल झाले की सिझर, यावर. या हिशेबाचा अभ्यास नागपुरातल्याच सरकारी रुग्णालयांत झालेला आहे.

कळा का आणतात?

बाळंतपणाची तारीख शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे धरून काढतात. त्या तारखेच्या चार-आठ दिवस पुढे-मागे होणे नेहमीचे आहे. तारीख टळली म्हणून लगेच घाबरायचे कारण नाही. मात्र ४१ आठवडे पूर्ण झाले की पोटातल्या बाळाला धोका वाढू लागतो. त्यामुळे त्यानंतर कळा आणाव्यात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. काही त्रास नसेल, तर त्याआधी उगाच कळा आणू नयेत, असेही हीच संघटना म्हणते.

काही वेळा मात्र ४१ आठवड्यांपर्यंत थांबता येत नाही. गरोदरपणात बीपी वाढणे, पाणमोट फुटूनही कळा न येणे, साखरेचा आजार, बाळाची वाढ खुंटणे ही त्यातली मुख्य कारणे. बीपीचे कारण सर्वात गंभीर. बीपी वाढून लघवीतून प्रथिने जाऊ लागली, हाता-पायावर, तोंडावर सूज आली, डोके सतत दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर पुढची पायरी झटक्यांची असते. त्यात आई आणि बाळ दोघांचाही जीव जाऊ शकतो. या आजारावर एकच खरा इलाज आहे, तो म्हणजे बाळंतपण.

मुहूर्त गाठायचा आहे, अमावस्या टाळायची आहे, मामाला सुटी त्याच आठवड्यात आहे, ही कळा आणण्याची कारणे नव्हेत. गर्भाशयाचे तोंड तयार नसताना घाई केली, तर कळा आणायला जास्त वेळ लागतो, जास्त औषध लागते आणि खर्चही तितकाच वाढतो.

पद्धती कोणत्या आणि किंमत काय?

गर्भाशयाचे तोंड कच्च्या पेरूसारखे टणक असेल, तर आधी ते मऊ करावे लागते. मऊ झाल्यावर ते उघडायला जोरदार कळा लागतात. सगळ्या पद्धती या दोनपैकी एक किंवा दोन्ही कामे करतात. खाली दिलेल्या किमती ढोबळ आहेत. कंपनीप्रमाणे त्या बदलतात, त्यामुळे पाकिटावरची एमआरपी पाहावी.

पडदा सैल करणे : आतून तपासताना डॉक्टर बोटाने पाणमोटीचा पडदा गर्भाशयाच्या तोंडापासून हलकेच सोडवतात. औषध नाही, सामान नाही, खर्चही नाही. थोडे दुखते, किंचित रक्त जाऊ शकते. दिवस भरलेल्या काही महिलांना यानेच कळा सुरू होतात आणि पुढच्या उपायांची गरज पडत नाही.

मिसोप्रोस्टॉलची गोळी : कळा आणण्यासाठी ती अगदी कमी मात्रेत, २५ मायक्रोग्रॅम इतकीच देतात. तोंडाने घ्यायची असेल तर दर दोन तासांनी. एक डोस साधारण चहाच्या कपाच्या भावात पडतो. फ्रिज लागत नाही, गोळी कोरडी राहिली म्हणजे झाले. ती तोंड मऊ करते आणि कळाही आणते.

फुग्याची नळी : लघवीसाठी लावतात तीच फोली नावाची रबरी किंवा सिलिकॉनची नळी. ती गर्भाशयाच्या तोंडातून आत सरकवून टोकाचा फुगा पाण्याने भरतात. फुग्याच्या दाबाने तोंड हळूहळू उघडते. नळी शंभर-दीडशेच्या आत-बाहेर मिळते. यात औषध नसल्याने कळा अचानक फार जोरात येण्याची भीती कमी. पण तोंड उघडले तरी कळा पुरेशा येतीलच असे नाही. बऱ्याच जणींना पुढे सलाईनमधून औषध द्यावे लागते.

डायनोप्रोस्टोनचे जेल : सिरिंजमध्ये भरून येते आणि गर्भाशयाच्या तोंडाजवळ सोडतात. एका सिरिंजला काही शे रुपये लागतात आणि सहा-सहा तासांनी दुसरी, कधी तिसरीही लागू शकते. ते २ ते ८ अंश तापमानात, म्हणजे फ्रिजमध्येच ठेवावे लागते. याच औषधाची योनीमार्गात ठेवायची पट्टीही मिळते. ती या सगळ्यांत महाग. तिचा फायदा असा की कळा फार जोरात आल्या तर दोरी ओढून ती लगेच काढून घेता येते.

ऑक्सिटोसिनची सलाईन : कळांचे औषध म्हणून गावात हेच सर्वांना माहीत आहे. म्हशीने पान्हा सोडावा म्हणून काही जण चोरून देतात, तेही हेच औषध. ॲम्पूल स्वस्त आहे, पण तेही थंड ठेवावे लागते. सलाईनमधून थेंबाथेंबाने, मोजून, नजर ठेवून द्यावे लागते. म्हणजे ॲम्पूलचे पैसे थोडे, पण त्यामागे सिस्टरचे तास खूप.

पाणमोट फोडणे : तोंड थोडे उघडल्यावर डॉक्टर पाणमोट फोडतात. सामानाचा खर्च नगण्य. पण एकदा पाणी गेले की मागे फिरता येत नाही, जंतुसंसर्ग टाळण्यासाठी ठरावीक वेळेत बाळंतपण व्हावेच लागते.

नागपुरातच झाली गोळी आणि फुग्याची तुलना

दोन सर्वात स्वस्त पद्धतींपैकी चांगली कोणती? हा प्रश्न घेऊन नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आपल्या ‘मेडिकल’मध्ये, आणि डागा स्मृती शासकीय स्त्री रुग्णालयात मोठा अभ्यास झाला. मेडिकलच्या डॉ. शुचिता मुंडले आणि इंग्लंडच्या लिव्हरपूल विद्यापीठातील संशोधक त्यात होते. डिसेंबर २०१३ ते जून २०१५ या काळात, गरोदरपणात बीपी वाढलेल्या ६०२ महिलांना यात सहभागी करून घेतले. ३०२ जणींना दर दोन तासांनी २५ मायक्रोग्रॅमची गोळी दिली, ३०० जणींना फुग्याची नळी लावली. कुणाला काय द्यायचे हे चिठ्ठी काढल्यासारखे ठरवले होते, म्हणजे डॉक्टरांच्या आवडीनिवडीचा प्रश्न उरला नाही. निष्कर्ष २०१७ साली ‘द लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

गोळी घेतलेल्या ३०२ जणींपैकी १७२ जणींची प्रसूती २४ तासांत नॉर्मल झाली. फुगा लावलेल्या ३०० जणींपैकी १४१ जणींची झाली. म्हणजे शंभरात ५७ विरुद्ध ४७. कळा धोकादायक वेगाने येण्याचे प्रकार दोन्हीकडे अगदी मोजके होते. बाळांच्या मृत्यूच्या बाबतीतही दोन्ही गटांत ठोस म्हणावा असा फरक निघाला नाही.

त्याच अभ्यासावरून संशोधकांनी खर्चही मोजला. त्यात फक्त गोळी आणि नळीची किंमत धरली नाही. सलाईन किती वेळ चालली, सिझर किती झाले, रुग्णालयाचा खर्च किती आला, हे सगळे मांडले. गोळीच्या गटात ऑक्सिटोसिनची सलाईन सरासरी सव्वादोन तास कमी लागली आणि सिझरही कमी झाले. एका बाळंतपणामागचा सरासरी खर्च गोळीच्या गटात सुमारे २० डॉलरने, तेव्हाच्या दराने तेराशे रुपयांच्या आसपास, कमी निघाला.

मात्र हा आकडा सरासरीचा आहे. काही जणींचा खर्च फार वाढला, काहींचा फार कमी झाला, त्यामुळे पैशांचा फरक शंभर टक्के पक्का आहे असे म्हणता येत नाही. शिवाय हा अभ्यास बीपी वाढलेल्या महिलांचा आणि सरकारी रुग्णालयांतला आहे. म्हणून “गोळीच चांगली, फुगा वाईट” असा अर्थ काढू नये. यातून एवढे मात्र नक्की कळते की बचत झाली ती नळीपेक्षा गोळी स्वस्त म्हणून नव्हे. ती झाली कमी तास सलाईन लागली आणि कमी जणींचे पोट कापावे लागले म्हणून.

मग पैसा जातो कुठे?

एक : वेळेत. पहिलटकरणीला कळा आणल्यापासून बाळ हातात येईपर्यंत दीड-दोन दिवसही लागू शकतात. तेवढा वेळ खाट अडते, सिस्टरची पाळी बदलते, बाळाचे ठोके पुन्हा पुन्हा मोजावे लागतात. खासगीत यातला प्रत्येक तास कुठल्या ना कुठल्या नावाने बिलात येतो.

दोन : देखरेखीत. कळा आणायच्या असतील तर शक्यतो सिझरची सोय असलेल्या ठिकाणीच आणाव्यात, असा नियम आहे. कळा आणताना बाळ गुदमरले तर लगेच ऑपरेशन करता आले पाहिजे. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रातून अशा महिलेला पुढे पाठवतात. ‘पीएचसीने हात वर केले’ असे त्या वेळी वाटते, पण ते तिच्याच भल्याचे असते.

तीन : फ्रिजमध्ये. जेल आणि ऑक्सिटोसिन दोन्ही थंडीत राहावे लागते. विदर्भातल्या उन्हाळ्यात, लोडशेडिंगमध्ये औषध तापले तर त्याची ताकद जाते. मग डोस दिला तरी कळा येत नाहीत, पुन्हा डोस, पुन्हा वाट पाहणे. ज्या गोळीला फ्रिज लागत नाही तिचा खरा फायदा इथे आहे.

चार : सिझरमध्ये. बिलाचा सर्वात मोठा उडीचा आकडा हाच. केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या पाहणीनुसार, देशाच्या ग्रामीण भागातील कुटुंबाला सरकारी रुग्णालयातल्या एका बाळंतपणासाठी स्वतःच्या खिशातून सरासरी सुमारे २,४०० रुपये खर्च आला. खासगीत तोच आकडा सुमारे २०,८०० रुपये होता. आज तो अर्थातच वाढला असणार. देशात २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सरकारी रुग्णालयांत शंभरपैकी १४ बाळंतपणे सिझरने झाली, तर खासगीत शंभरपैकी ४७.

घरचा हिशेब वेगळाच

सरकारी रुग्णालयात औषध, खाट, ऑपरेशन सगळे मोफत धरले तरी घरचा खर्च सुटत नाही. उदाहरणादाखल काटोल तालुक्यातल्या एखाद्या मजूर कुटुंबाचा हिशेब मांडू. नागपूर साठेक किलोमीटर. सोबत दोन माणसे, म्हणजे नवरा आणि सासू किंवा पहिले बाळंतपण असेल तर माहेरची आई आणि भाऊ. प्रत्येकाची रोजी ३०० रुपये बुडाली असे धरू. बाहेरचे जेवण, चहा, मोबाईलचा रिचार्ज मिळून माणशी १५० रुपये. म्हणजे एका दिवसाला ९०० रुपये.

कळा आणून दुसऱ्या दिवशी नॉर्मल बाळंतपण झाले आणि चौथ्या दिवशी सुटी मिळाली, तर ३,६०० रुपये. तेच सिझर होऊन आठ दिवस राहावे लागले, तर ७,२०० रुपये. यात जाण्या-येण्याचे भाडे धरलेले नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत किंवा संत्र्याच्या तोडणीत हे घडले तर बुडीत रोजीचा आकडा आणखी वाढतो.

म्हणजे एक दिवस वाचला की ९०० रुपये वाचतात. गोळी आणि जेल यांच्या किमतीतला फरक त्यापुढे किरकोळ आहे. महागडे जेल दिल्याने एक दिवस खरोखर वाचत असेल, तर ते घरच्या हिशेबात स्वस्तच पडले. आणि स्वस्त गोळीची वेळ चुकली, डोस राहिला, बाळंतपण दोन दिवस लांबले, तर ती गोळी महाग पडली.

सिझरचा खर्च आठ दिवसांत संपत नाही. टाके भरून येईपर्यंत, साधारण दीड महिना, बाईने वजन उचलू नये. तेवढी तिची रोजी जाते. पुढच्या वेळी गर्भाशयावर जुना व्रण असल्याने सगळी तपासणी मोठ्या रुग्णालयात करावी लागते. पहिल्या सिझरचा खर्च दुसऱ्या बाळंतपणातही पाठ सोडत नाही.

पण याचा अर्थ “कितीही झाले तरी सिझर करू नका” असा मुळीच नाही. बाळाचे ठोके पडत असतील, आईचे बीपी आवाक्याबाहेर जात असेल, तर डॉक्टरांनी सांगितलेले सिझर जीव वाचवते. त्या वेळी सह्या करायला दोन तास घालवणे सर्वात महागात पडते.

स्वस्त गोळी सर्वांना चालत नाही

आधी सिझर झालेल्या महिलेला कळा आणण्यासाठी मिसोप्रोस्टॉलची गोळी देत नाहीत. जोरदार कळांनी जुन्या टाक्याच्या जागी गर्भाशय फाटण्याचा धोका असतो. अशा महिलेच्या कळा आणायच्याच असतील तर डॉक्टर बहुधा फुग्याचा विचार करतात. म्हणून पहिल्या सिझरचा कागद दवाखान्यात सोबत नेलाच पाहिजे. “तिला गोळी दिली, हिला फुगा काहून?” या प्रश्नाचे उत्तर कित्येकदा त्याच कागदात असते.

ही गोळी मेडिकल स्टोअरमधून आणून घरी देण्याचा प्रयत्न कधीही करू नये. दुकानात ती बहुतेक २०० मायक्रोग्रॅमची मिळते. कळा आणायला लागणाऱ्या मात्रेच्या ती आठपट असते. कात्रीने किंवा ब्लेडने आठ तुकडे केले तरी प्रत्येक तुकड्यात औषध सारखे येत नाही. एक तुकडा जास्त गेला तर कळांवर कळा येतात, मध्ये उसंत मिळत नाही, बाळाला प्राणवायू कमी पडतो, गर्भाशय फाटू शकते.

तीच गोष्ट ‘कळांच्या इंजेक्शन’ची. बाळ होण्याआधी ऑक्सिटोसिन दंडात किंवा कमरेत टोचणे धोक्याचे आहे. सलाईन बंद करता येते, टोचलेले इंजेक्शन परत काढता येत नाही. गावातला कुणी बिनपदवीचा डॉक्टर “शंभर रुपयांत मोकळी करतो” म्हणून सुई काढत असेल, तर त्याला तिथेच थांबवा आणि गाडी बोलवा. बाळ झाल्यावर रक्तस्राव थांबावा म्हणून हेच इंजेक्शन दंडात किंवा मांडीत देतात, ते योग्य आहे. गोंधळ होतो तो इथेच.

सरकारी रुग्णालयात काय मोफत?

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम १ जून २०११ पासून सुरू आहे. सरकारी रुग्णालयात बाळंत होणाऱ्या प्रत्येक महिलेला तो लागू आहे. रेशनकार्ड पिवळे असो, केशरी असो की पांढरे. यात मोफत काय, ते पाहा :

– नॉर्मल बाळंतपण आणि सिझर दोन्ही
– औषधे आणि सामान, म्हणजे कळा आणण्याची गोळी, नळी, जेल, सलाईन सगळे
– रक्त-लघवी तपासणी, सोनोग्राफी आणि गरज पडल्यास रक्त
– नॉर्मलला ३ दिवस आणि सिझरला ७ दिवसांपर्यंत बाळंतिणीचे जेवण
– घरून रुग्णालयात, तिथून मोठ्या रुग्णालयात आणि परत घरी सोडायला गाडी

गाडीसाठी १०२ आणि तातडीच्या वेळी १०८ वर फोन करावा. परत सोडायला गाडी मिळते हे अनेकांना माहीतच नसते. बाळ-बाळंतिणीला घेऊन भाड्याची जीप करतात आणि हजार-दीड हजार घालवतात. सुटी मिळण्याच्या आदल्या दिवशीच वॉर्डातल्या सिस्टरला किंवा आशाताईला गाडीबद्दल सांगून ठेवावे.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरलाही पैसे लागत नाहीत. ग्रामीण भागातील दारिद्र्यरेषेखालील, अनुसूचित जाती-जमातीच्या महिलेला जननी सुरक्षा योजनेचे ७०० रुपये मिळतात. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र महिलेला पहिल्या बाळासाठी ५,००० आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये मिळतात. आधार, बँक पासबुक आणि माता-बाल संरक्षण कार्ड ही कागदपत्रे नवव्या महिन्यातच पिशवीत भरून ठेवावीत.

सरकारी रुग्णालयात कुणी “हे जेल बाहेरून आणा” अशी चिठ्ठी दिली, तर भांडण करू नका, पण विचारा जरूर. “इथे दुसरी कोणती पद्धत उपलब्ध आहे का? गोळी किंवा फुगा चालेल का?” तरीही बाहेरून आणावेच लागले तर पक्के बिल घ्या, चिठ्ठी जपून ठेवा आणि वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी द्या. १०४ या आरोग्य हेल्पलाईनवरही सांगता येते.

खासगीत जाण्याआधी हे सहा प्रश्न विचारा

खासगी दवाखाने बहुधा ‘नॉर्मलचे पॅकेज’ आणि ‘सिझरचे पॅकेज’ असे दोन आकडे सांगतात. कळा आणण्याचा खर्च या दोन्हींच्या मधे कुठेतरी असतो आणि बिल हातात आल्यावरच दिसतो. खासगी नर्सिंग होमने आपले दरपत्रक लोकांना दिसेल असे लावणे राज्याच्या २०२१ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. भरती होण्याआधी, शांतपणे, पुढील गोष्टी विचाराव्यात :

१. कळा कशासाठी आणायच्या? बीपी, दिवस उलटले की आणखी काही? थांबलो तर काय होईल?
२. कोणती पद्धत वापरणार? आमच्या पेशंटला तीच का?
३. कळा आणण्याचे औषध आणि देखरेख नॉर्मलच्या पॅकेजमध्ये धरली आहे का, की वेगळी?
४. पहिल्या पद्धतीने कळा आल्या नाहीत तर पुढे काय? दुसरी पद्धत वापरणार की थेट सिझर?
५. दोन दिवस लागले तर खाटेचे आणि सिस्टरचे रोजचे किती?
६. बाळाला काचेत ठेवायची वेळ आली तर सोय इथेच आहे की दुसरीकडे न्यावे लागेल? त्याचा खर्च किती?

चौथा प्रश्न फार महत्त्वाचा. एका पद्धतीने कळा आल्या नाहीत म्हणजे सिझर करायलाच हवे असे नसते. आई आणि बाळ ठणठणीत असतील, तर थोडे थांबून दुसरी पद्धत वापरून पाहता येते. हा निर्णय डॉक्टरांचाच, पण त्यामागचे कारण समजून घेण्याचा हक्क घरच्यांना आहे.

खर्च कमी होतो तो आधीच्या महिन्यांत

कळा आणण्याची वेळच येऊ नये किंवा आली तर दगदगीविना पार पडावी, याची तयारी गरोदरपणातच होते. पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफी केली तर तारीख नेमकी कळते. पाळीची तारीख आठवत नसेल आणि सोनोग्राफीही उशिरा झाली, तर ३९ व्या आठवड्यालाच ‘दिवस उलटले’ असे समजून विनाकारण कळा आणल्या जाऊ शकतात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. त्या दिवशी बीपी आणि लघवी तपासून घ्यायला विसरू नये. बीपी सातव्या-आठव्या महिन्यात सापडले तर गोळ्यांनी आवरता येते, तारीख ठरवून, तयारीनिशी भरती होता येते. तेच मध्यरात्री झटके आल्यावर सापडले, तर मग गोळी, फुगा की जेल हा प्रश्नच उरत नाही. प्रश्न उरतो आयसीयूचा.

पैसे जुळवायला म्हणून “दोन दिवस थांबून जाऊ” असे बीपीच्या पेशंटला कधीही करू नये. सरकारी रुग्णालयात पैशांवाचून काम अडत नाही. डॉक्टरांनी आज भरती व्हा म्हटले तर आजच १०२ ला फोन लावावा, कागदांची पिशवी उचलावी आणि निघावे. कळा आणण्याच्या सगळ्या पद्धतींची किंमत एकत्र केली तरी ती उशिराच्या किमतीपेक्षा कमीच असते.